दुचाकी अपघातांची कारणे आणि ते टाळण्याचे मार्ग

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील पंडरी हा भाग मध्य भारतातील ठोक कापडव्यापाराचे एक मोठे केंद्र म्हणून ओळखला जातो. दुकाने उघडल्यापासून रात्री उशिरापर्यंत येथील रस्त्यांवर कापडाचे गठ्ठे वाहणारे टेम्पो, ई-रिक्षा, पायी ग्राहक आणि या साऱ्यांतून वाट काढणाऱ्या दुचाकी असे मिश्र चित्र असते. शहराचे बसस्थानक २०२१ पर्यंत येथेच होते. ते भाटागावला हलवल्यानंतरही वर्दळ फारशी ओसरलेली नाही. जिल्हा रुग्णालय याच भागात आहे. मोव्याकडून पुढे बलौदाबाजारला जाणारा रस्ता येथूनच सुरू होतो आणि रायपूर-धमतरी या जुन्या अरुंदमापी रेल्वेमार्गाच्या जागेवर बांधलेला एक्स्प्रेस वेही येथूनच जातो.

बाजारातील गल्ली, दुभाजक असलेला शहरी रस्ता आणि वेगवान मार्ग हे तिन्ही प्रकार पंडरीत एक-दोन किलोमीटरच्या अंतरात भेटतात. प्रत्येकाचा वेग वेगळा आणि धोकाही वेगळा. स्वार मात्र तोच असतो आणि अनेकदा एका रस्त्याची सवय घेऊन तो दुसऱ्या रस्त्यावर उतरतो. त्यामुळे दुचाकीचे अपघात नेमके कशामुळे होतात हे समजून घेण्यास हे ठिकाण सोयीचे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि कामानिमित्त नागपूर, गोंदिया, भंडारा येथून ये-जा करणारे मराठी भाषक यांच्याही रोजच्या वाटेवरचे हे ठिकाण आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरील होते. म्हणजे रस्त्यावर प्राण गमावणाऱ्या दर शंभरांत ४४ ते ४५ जण दुचाकीस्वार किंवा त्यांच्या मागे बसलेले असतात. महाराष्ट्रात त्या वर्षी अपघाती मृत्यूंची संख्या पंधरा हजारांच्या पुढे होती. लोकसंख्येने महाराष्ट्राच्या चौथ्या भागाहून थोड्या लहान असलेल्या छत्तीसगडमध्ये पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, ती सहा हजारांच्या वर गेली. लोकसंख्येशी ताडून पाहिले तर छत्तीसगडचे प्रमाण अधिक भरते.

याच अहवालातील काही तपशील सर्वसाधारण समजुतीला छेद देणारे आहेत. घाटातील वळणे, मुसळधार पाऊस, दाट धुके यांची भीती सर्वांना वाटते. प्रत्यक्षात सुमारे दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर आणि जवळपास तीनचतुर्थांश अपघात स्वच्छ हवामानात झालेले आहेत. दिवसाच्या वेळांचा विचार केला तर सायंकाळी सहा ते नऊ हा काळ सर्वाधिक अपघातांचा ठरतो. प्रवासाचा बराचसा भाग सरळ रस्त्यावर आणि चांगल्या हवेतच होत असल्याने हे काही अंशी अपेक्षित म्हणावे लागेल. तरीही धोका ठळक दिसतो तेथे स्वार आपोआप सावध होतो आणि रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर लक्ष सैल पडते, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

मृत्यूंच्या कारणांत अहवाल अतिवेगाला सुमारे ७१ टक्के वाटा देतो. या आकड्याकडे थोड्या सावधपणे पाहायला हवे. पोलिसांच्या नोंदीत बहुधा एकच कारण लिहिले जाते आणि ‘भरधाव’ हा शब्द सर्वांत सोयीचा असतो. खरा अपघात सहसा तीन-चार कारणांच्या साखळीतून घडतो : रस्त्यावर सांडलेली वाळू, झिजलेला टायर, समोरून अचानक वळलेली मोटार आणि थोडा जास्त वेग. यांतील एक कडी जरी तुटली तरी अपघात टळतो किंवा खरचटण्यावर निभावतो. वेग ही त्यातल्या त्यात स्वाराच्या हातात असलेली कडी आहे.

पाहिले, पण दिसले नाही

दुचाकी अपघातांचा घटनास्थळी जाऊन केलेला पहिला मोठा अभ्यास अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे तीनचतुर्थांश अपघातांत दुचाकीची धडक दुसऱ्या वाहनाशी झाली होती. त्यांपैकी दोनतृतीयांश प्रसंगी दुसऱ्या वाहनाच्या चालकाने दुचाकीचा मार्गहक्क डावलला होता. बहुतेक चालकांचे म्हणणे एकच होते, दुचाकी दिसलीच नाही किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. १९९९ ते २००० या काळात युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच अभ्यास झाला. तेथेही निम्म्या अपघातांचे मुख्य कारण दुसऱ्या चालकाची चूक हे निघाले आणि त्या चुकांत न दिसण्याचा वाटा सर्वांत मोठा होता.

न दिसण्यामागे बेपर्वाईखेरीज डोळ्यांच्या रचनेचाही भाग आहे. समोरून येणारी मोटार जवळ येताना झपाट्याने मोठी दिसत जाते. त्यावरून तिचा वेग जोखता येतो. दुचाकीचा समोरचा आकार अरुंद असल्याने ती बराच वेळ एका ठिपक्यासारखी राहते आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. त्यामुळे वळण घेणारा चालक तिला पाहूनही तिचा वेग कमी समजतो आणि ‘अजून वेळ आहे’ असे मानून गाडी आडवी घालतो. मोटारीच्या समोरील काचेचा खांब तर अख्खी दुचाकी झाकू शकतो. ट्रकच्या डाव्या बाजूला आणि अगदी मागे असलेला भाग चालकाला आरशातही दिसत नाही.

यावर स्वाराला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच पेटतो, तो याच कारणासाठी. मलेशियाने १९९२ मध्येच दिवसा दिवा लावण्याची सक्ती केली होती. आपल्याकडे अनेकांना हा दिवा अनावश्यक वाटतो आणि काही जण त्याला बटण बसवून घेतात. ही आपल्या हाताने स्वतःला अदृश्य करण्याची खटपट आहे. जुन्या गाडीवर दिवसाही खालचा झोत चालू ठेवावा. फिकट किंवा झळकत्या रंगाचे जाकीट, हेल्मेटवर परावर्तक पट्टी यांचा उपयोग होतो. मोठा उपयोग मात्र जागा निवडण्याचा होतो. ट्रकच्या मागे चिकटून न चालता त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसेल अशा अंतरावर राहावे. चौकात समोरच्या मोटारीचे तोंड आपल्या मार्गाकडे वळलेले असेल तर ती वळणारच असे गृहीत धरून वेग उतरवावा आणि ब्रेकवर बोटे ठेवावीत. चालकाच्या नजरेवर विसंबू नये. त्याची नजर स्वारावर असली तरी मोटार पुढे सरकू शकते. म्हणून तिच्या पुढच्या चाकाकडे पाहावे. चाक फिरू लागले की ते सर्वांत आधी कळवते.

हर्ट यांच्या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. धोका उद्भवल्यापासून धडकेपर्यंत स्वाराला बहुधा दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळाला होता. अपघातांपूर्वीचा मध्यम वेग ताशी पन्नास किलोमीटरच्याही थोडा खाली होता, म्हणजे आपल्याकडील कोणत्याही शहरी रस्त्यावर सहज गाठला जातो तेवढाच.

वेगाचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. समोर काही आले हे कळून हात ब्रेकवर जाण्यास साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी २५ मीटर गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबले तर थांबण्यास आणखी सुमारे २४ मीटर लागतात. एकूण अंतर झाले जवळपास ४९ मीटर. ताशी ४० च्या वेगाला हेच एकूण अंतर सुमारे २७ मीटर भरते, तर ताशी ८० ला ७५ मीटर.

आता दोन स्वार शेजारून जात आहेत असे समजू, एक ४० च्या आणि दुसरा ६० च्या वेगाने. त्यांच्यापुढे २७ मीटरवर एखादी ई-रिक्षा आडवी येते. पहिला तिच्यापाशी थांबतो. दुसऱ्याचे २५ मीटर विचारातच गेलेले असतात. ब्रेक लागून जेमतेम दोन मीटर होतात तोच धडक बसते, तीही ताशी सुमारे ५७ च्या वेगाने. वेगातील फरक २० चा होता, परिणामातील फरक काहीही न होणे आणि चौथ्या मजल्यावरून पडणे एवढा आहे. ही उपमा अतिशयोक्ती नाही. सुमारे १३ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर याच वेगाने आदळते.

पंडरीसारख्या बाजारात ६० चा वेग कोणी गाठत नाही असे म्हणता येईल. दिवसा ते खरेही आहे. रात्री दुकाने बंद झाल्यावर किंवा पहाटे मात्र हेच रस्ते मोकळे असतात. शिवाय बाजारात अंतरेच लहान असतात. उभ्या मोटारीचा दरवाजा अचानक उघडतो, दोन टेम्पोंच्या मधून माणूस बाहेर येतो, ई-रिक्षा प्रवासी दिसताच जागच्या जागी थांबते. येथे १५ ते २० चा वेग आणि उभ्या वाहनांपासून दरवाज्याएवढे अंतर, एवढीच खात्रीची खबरदारी आहे.

कापडबाजाराच्या रस्त्यावर आणखी एका धोक्याची आठवण ठेवावी लागते. ओढणी, साडीचा पदर, गमछा किंवा गठ्ठ्याची सुटलेली दोरी मागच्या चाकात किंवा साखळीत गुंतणे ही गळ्यापर्यंत पोचणारी दुर्घटना असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागच्या प्रवाशासाठी धरण्याची कडी, पाय ठेवण्याची सोय आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण सक्तीचे केले आहे. गाडी ‘हलकी आणि देखणी’ दिसावी म्हणून हे आवरण काढून टाकण्याची रीत तरुणांत आढळते. ते काढू नये आणि निघण्यापूर्वी पदर-ओढणी खोचून घ्यावी. पायांत किंवा हँडलला अडकवलेल्या पिशव्या वळताना हँडल अडवतात, हेही तितकेच खरे.

ब्रेक आणि वळण

आपल्याकडे बहुसंख्य स्वार वडील, भाऊ किंवा मित्राकडून गाडी शिकतात. हर्ट यांच्या अभ्यासातही अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के स्वार स्वतः शिकलेले किंवा घरच्यांकडून-मित्रांकडून शिकलेले होते. परवान्याच्या मैदानावर आठाच्या आकड्यात पाय न टेकवता गाडी फिरवून दाखवली की तोल सिद्ध होतो. आणीबाणीत थांबणे मात्र कोणी शिकवत नाही. त्यातून एक समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे : पुढचा ब्रेक लावू नये, गाडी उलटते.

प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचे आणि स्वाराचे वजन पुढच्या चाकावर येते. मागचे चाक हलके होते आणि त्याची रस्त्यावरील पकड घटते. थांबण्याच्या शक्तीपैकी निम्म्याहून बराच अधिक भाग पुढच्या ब्रेकचा असतो. केवळ मागचा ब्रेक दाबणाऱ्याला ताशी ६० वरून थांबण्यास २४ ऐवजी जवळपास ४० मीटर लागू शकतात. शिवाय मागचे चाक अडकून गाडी आडवी घसरते. हर्ट यांना आढळलेला ठराविक प्रसंग हाच होता, मागचा ब्रेक जास्त, पुढचा अपुरा आणि बाजूला वळून निसटण्याचा प्रयत्नच नाही.

पुढच्या ब्रेकची बदनामी अगदीच निराधार नाही. वळणावर गाडी कललेली असताना, वाळूवर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर तो झटक्याने दाबला तर पुढचे चाक निसटते आणि सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून पद्धत अशी : गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत, पुढच्या ब्रेकची मूठ आधी हलकी आणि मग वाढत्या दाबाने आवळावी. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करून घ्यावा. मोकळ्या मैदानात किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर ३० च्या वेगाने सुरुवात करून याचा सराव केला तर तासाभरात हाताला सवय लागते. हा तास बहुतेक स्वारांनी आयुष्यात कधी दिलेला नसतो.

१ एप्रिल २०१९ पासून देशात १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेकप्रणाली आणि त्याखालील गाड्यांना निदान सीबीएस म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी प्रणाली सक्तीची आहे. एबीएस असलेल्या गाडीत मूठ थरथरते. ती बिघाडाची खूण नव्हे, अशा वेळी दाब सोडू नये. अनेक लहान गाड्यांत मात्र एबीएस केवळ पुढच्या चाकाला असते. आपल्या गाडीत काय आहे हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

वळणाबाबत एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. ताशी वीस-पंचवीसच्या पुढे दुचाकी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते. डावीकडे वळायचे तर डाव्या मुठीला हलकेच पुढे रेटावे लागते. त्यासरशी गाडी डावीकडे कलते आणि वळते. प्रत्येक स्वार नकळत हे करीतच असतो. संकटात मात्र तो ताठरतो आणि ज्या खड्ड्याकडे किंवा ट्रककडे टक लावून पाहत असतो त्याच दिशेने जातो, कारण हात नजरेमागे जातात. त्यामुळे अडथळा दिसला की नजर मोकळ्या जागेकडे न्यावी. हे वाक्य वाचून पाठ होते, अंगवळणी पडायला सराव लागतो.

महामार्ग आणि रात्र

रायपूरहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ भिलाई, दुर्ग, राजनांदगाव असा देवरीमार्गे महाराष्ट्रात शिरतो. या वाटेवर लहान मोटारसायकल आणि मालट्रक एकाच मार्गिकेतून धावतात. देशातील पाचातील एकाहून अधिक अपघात पाठीमागून बसलेल्या धडकेचे असतात. दुचाकीसाठी त्याच्या दोन बाजू आहेत. मागून येणारे वाहन तिला गाठते आणि ती स्वतः पुढच्या उभ्या वाहनावर जाऊन आदळते. धानखरेदीच्या हंगामात, हिवाळ्याच्या रात्री, मागचे दिवे आणि परावर्तक नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्याकडेला उभ्या असतात. बऱ्याच लहान मोटारसायकलींच्या खालच्या झोताचा उपयोगी पल्ला चाळीस-पन्नास मीटरांच्या फारसा पुढे जात नाही. वर दिलेला हिशेब आठवला तर रात्री ६० चा वेग ही अशा गाडीची शेवटची मर्यादा ठरते. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की तोही जास्तच.

पावसाळ्यात मोकाट गुरे कोरड्या, उबदार डांबरावर येऊन बसतात. छत्तीसगडमधील हा प्रश्न इतका गंभीर आहे की बिलासपूर येथील उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये मोकाट चराईला आवर घालण्यासाठी ‘रोका-छेका’ मोहीमही सुरू केली होती. विदर्भातील महामार्गांवरही चित्र फार वेगळे नाही. काळी गाय किंवा म्हैस अंधारात डांबरात मिसळून जाते. तिचे डोळे मान वळवल्यावरच चमकतात. एक जनावर रस्ता ओलांडताना दिसले तर त्याच्या मागून दुसरे येणार असे समजावे.

राँग साइडने येणे हा या महामार्गांवरचा स्थानिक रोग म्हणता येईल. दुभाजकातील पुढचा कट एक-दीड किलोमीटरवर असतो आणि गाव शंभर मीटरवर दिसत असते. त्या शंभर मीटरांसाठी समोरासमोरच्या धडकेचा धोका पत्करला जातो, ज्यात दोन्ही वाहनांच्या वेगांची बेरीज होते. दोष केवळ स्वाराचा मानून हा प्रश्न सुटणार नाही. गावापाशी सेवारस्ता आणि भुयारी मार्ग न देता महामार्ग रुंद केला की असे कट आणि अशी वाहतूक निर्माण होणे अटळ असते.

पहिल्या पावसाच्या सरी विशेष घातक असतात, कारण महिनोन्महिने साचलेले तेल आणि धूळ यांचा निसरडा लेप पाण्यावर तरंगतो. तासभर जोराचा पाऊस झाला की तो धुऊन जातो. तोवर थांबणे शहाणपणाचे. टायरची रस्त्यावर टेकणारी जागा तळहाताएवढीच असते, त्यामुळे हवेचा दाब आणि खाचांची खोली दर आठवड्याला पाहावी. साइड स्टँड उघडा राहणे, आरसे काढून ठेवणे, मागचा दिवा बंद असणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी पंचनाम्यात वारंवार दिसतात.

मद्याबद्दल वेगळे सांगावे लागू नये. कायद्याची मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चारचाकीत चालकाचे भान सुटले तरी गाडी उभी राहते, दुचाकी सतत तोलावी लागते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

हेल्मेट

अरबस्तानातील मोहिमेमुळे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून घरी परतत होते. रस्त्याच्या खोलगट भागापलीकडे सायकलवरील दोन मुले अचानक दिसली. त्यांना चुकवताना ते फेकले गेले. डोक्यावर संरक्षण नव्हते. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे त्यांनी लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांवर ही सक्ती येण्यास मात्र १९७३ उजाडले.

अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते असे दिसून आले आहे. भारतात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीप्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेल्यांत कोणाची आई, पत्नी, बहीण किंवा मूल असते. चालक स्वतःसाठी दंडाच्या भीतीने हेल्मेट घेतो आणि मागच्या व्यक्तीसाठी घेत नाही, हे दृश्य रायपूरपासून नागपूर-पुण्यापर्यंत सारखेच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मात्र दोघांनाही लागू आहे. भंग झाल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन होऊ शकते.

मराठी मुलुखात हेल्मेटला झालेला विरोधही नोंदवायला हवा. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्तीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा विरोधकांनी पुणेरी पगडी घालून मोर्चा काढला होता. उन्हाळ्यातील उकाडा, मान दुखणे, ऐकू न येणे, शहरात वेगच नसतो, असे आक्षेप होते. उकाड्याची तक्रार रास्त आहे. रायपूर-नागपूरच्या उन्हात तर अधिकच. परंतु शहरात वेग नसतो या युक्तिवादाला वर दिलेला हिशेब उत्तर देतो. स्थिर उभ्या गाडीवरून मागे पडून डोके आपटले तरी कवटी फुटू शकते. व्हिएतनाममध्येही उष्मा आहे आणि दुचाकींची संख्या प्रचंड. तेथे १५ डिसेंबर २००७ रोजी सर्वांना सक्ती लागू झाली आणि अल्पावधीत नव्वद टक्क्यांहून अधिक स्वारांच्या डोक्यावर हेल्मेट आले.

हेल्मेटचे काम त्याच्या आतील थर्माकोलसारख्या जाड थरात असते. बाहेरचे कवच आघात पसरवते, आतला थर चिरडून तो सोसतो. त्यामुळे एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक नसलेले हेल्मेट बनवण्यास व विकण्यास मनाई आहे. तरीही पदपथावर अशी हेल्मेटे मिळतात आणि ती टोपीहून फारशी उपयोगाची नसतात. घालून, पट्टा लावून, मागच्या कडेला धरून वर-पुढे ओढावे. ते निघून आले तर अपघातातही निघणार. हनुवटी झाकणारे हेल्मेट चेहरा आणि जबडा वाचवते. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट स्वाराच्या आधी रस्त्यावर पोचते.

चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित झाला. मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० ची कमाल वेगमर्यादा त्यात आहे. टाकीवर पुढे बसवलेले मूल धडकेत चालक आणि हँडल यांच्यामध्ये सापडते. ही सवय प्रेमापोटी असते, म्हणूनच ती सुटत नाही.

अपघात झाल्यानंतर

पहिल्या तासाला कायद्यानेही ‘सुवर्ण तास’ म्हणून मान्यता दिली आहे. जखमीला मदत करणाऱ्यास पोलीस-कचेरीचा त्रास होतो ही भीती अद्याप खोलवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतनीसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ द्वारे त्यांना कायद्याचे बळ मिळाले. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. सुवर्ण तासात गंभीर जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला ‘राह-वीर’ योजनेखाली २५ हजार रुपयांचे पारितोषिकही आहे.

जखमीजवळ जाण्याआधी मागून येणारी वाहने थांबवावीत. दुसरा अपघात बहुधा त्याच जागी होतो. ११२ किंवा १०८ वर, राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ वर फोन करून जवळचा किलोमीटरचा दगड किंवा गावाचे नाव सांगावे. जखमी श्वास घेत असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये, मान दुखावलेली असू शकते. केवळ समोरची काच वर करावी आणि पट्टा सैल करावा. पाणी पाजू नये. वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. श्वास थांबला असेल तर मात्र एकाने मान-डोके स्थिर धरून दुसऱ्याने हेल्मेट हळूच सोडवावे.

केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना अधिसूचित केली. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे जखमी झालेल्या व्यक्तीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नियुक्त रुग्णालयात उपचार मिळू शकतात. त्यासाठी रुग्णालयाने आगाऊ पैसे मागता कामा नयेत.